वर तांबं, आत ॲल्युमिनियम : वायरिंग करून घेणाऱ्यांनी वाचाच

गेल्या उन्हाळ्यात गावाकडच्या घराचं वायरिंग नवीन करून घेतलं. कॉन्ट्रॅक्टरने मटेरियलसकट भाव दिला आणि वायरचे बंडल तोच घेऊन आला. वेष्टनावर आयएसआयचा शिक्का, 2.5 चौरस मिमी, 90 मीटर, सगळं छापलेलं होतं. पक्कं बिल मागितलं, तर ‘नंतर देतो’ म्हणाला. तिथेच काम थांबवायला हवं होतं.

पावसाळ्यात एके सकाळी आई म्हणाली, बाथरूमपाशी जळका वास येतोय. गिझरचा प्लग ओढला तर पिना हात लावू देईनात. सॉकेटची पांढरी प्लेट एका कडेने तपकिरी पडली होती.

ओळखीचे वायरमनकाका आले. मेन बंद करून त्यांनी प्लेट खोलली. फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) या तारांची आवरणं मऊ होऊन एकमेकींना चिकटत आली होती. काकांनी आतली एक तार ब्लेडने खरवडली. तांबूस रंग निघून गेला, खाली पांढरी तार. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! तारा मोजून जाडी काढली, तर अडीचच्या जागी जेमतेम दीड चौरस मिमी.

एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, का पडला नाही, हे मी काकांना विचारलं. 2000 वॉटचा गिझर 230 व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो आणि एमसीबी 16 चा. किती करंट जातोय तेवढंच त्याला कळतं, भिंतीतली वायर किती तापलीय ते कळत नाही. ॲल्युमिनियमचा करंटला होणारा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यात वायर बारीक. म्हणजे तेवढ्याच करंटला उष्णता दुपटीहून जास्त. तांब्यातले इलेक्ट्रॉन मोकळे असतात म्हणून करंट वाहतो, वरच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या आवरणातले जखडलेले असतात. म्हणूनच फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून अंगाला अंग लावून जाऊ शकतात. पण साधं पीव्हीसी 70 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असतं. ते वितळून दोन तारा भिडल्या की शॉर्टसर्किट. आणि त्याच पाइपाच्या भिंतीपलीकडे आईची खाट आहे.

एक बंडल न फोडलेलं उरलं होतं. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं, तर भरलं एक किलो तीनशे ग्रॅम. अडीचच्या 90 मीटर वायरमध्ये नुसतं तांबंच दोन किलोच्या आसपास असतं, आवरण वेगळं. हा हिशोब आधी माहीत असता तर बंडल दारातूनच परत पाठवले असते. शिक्क्याखालचा लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपवर (आयएसआय शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेचं ॲप) टाकला, तर तो सापडलाच नाही.

वायर स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर आणा. भिंतीत जाण्याआधी प्रत्येक बंडल तोला, एक टोक खरवडून बघा. आमचा कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही. कच्चा कागदही हातात नाही, त्यामुळे तक्रारीला जोडायला ते बंडल आणि प्लेटचे फोटो एवढंच आहे. गिझर आणि पंपाची लाइन खऱ्या तांब्याची ओढून घेतली. बाकी खोल्यांत अजून तीच वायर आहे. तिथले एमसीबी पाडून ठेवलेत आणि आई सध्या माझ्याकडे राहते.