पॉवरप्रो ३० पौंडी दोरी: माल चोख, पण गाठ जाणून मारावी

तंगूस (नायलॉनची एकतंतू दोरी) सोडून ब्रेडेड, म्हणजे अनेक पदर विणलेल्या दोरीकडे वळलेल्या गरवणाऱ्यांकडून (गळाने मासे पकडणाऱ्यांकडून) एक तक्रार हमखास ऐकू येते, ती अशी की दोरी तुटत नाही, पण गळ मात्र जातो. पॉवरप्रोची शेवाळी रंगाची ३० पौंडी दोरी रेवदंडा-साळाव भागात, कुंडलिका नदीच्या मुखाशी, जिताडा आणि तांबोशी या माशांसाठी बराच काळ वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या तक्रारीचे खापर दोरीवर फोडणे अन्यायाचे आहे. तुटलेल्या दोरीचे टोक विस्कटलेले असते. गळ गेल्यावर हाती येणारे टोक जर मुरडलेले, पिळाच्या खुणा असलेले, पण शाबूत असेल, तर गाठ सरकली एवढाच त्याचा अर्थ होतो. म्हणून या परीक्षणात दोरीपेक्षा गाठींविषयीच अधिक लिहिले आहे.

आधी दोरीविषयी. ही चार पदरी, स्पेक्ट्रा नावाच्या पॉलिथिलीन धाग्याची दोरी आहे. ३० पौंडी, म्हणजे साधारण साडेतेरा किलोचा ताण सोसणाऱ्या दोरीची जाडी कंपनी ०.२८ मिलिमीटर देते, आणि ती ८ पौंडी तंगुसाइतकी असल्याचे सांगते; याच ताकदीचे तंगूस जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाड भरते. बारीकपणाचा हा फायदा ओहोटीच्या धारेत लगेच जाणवतो, कारण पाण्याची ओढ कमी बसते, शिसे हलके चालते आणि फेकही लांब जाते. दोरी जवळजवळ ताणतच नसल्यामुळे माशाने आमिषाला नुसते तोंड लावले तरी ते हाताला कळते. रंग मात्र काही काळाने विटतो. पॉलिथिलीन रंग पिऊन घेत नाही, तो वरून चढवलेला असतो, त्यामुळे सर्वच ब्रेडेड दोऱ्यांचे असे होते आणि त्याचा ताकदीशी संबंध नाही. खोक्यालाच दोरी कापण्याचे छोटे पाते बसवलेले आहे, ही सोय वाटते त्याहून उपयोगाची आहे, कारण नखे कापायच्या साधनाने ही दोरी कापली की टोक फिसकारते आणि मग ते गळाच्या नेढ्यातून जाता जात नाही.

तंगुसाची गाठ आवळली की नायलॉन किंचित दबते, वेढे एकमेकांत रुततात आणि त्या रुतण्यावरच गाठ टिकते. पॉलिथिलीन गुळगुळीत असते, त्यामुळे वेढे एकमेकांवरून घसरतात. तंगुसासाठी घरोघरी शिकवली जाणारी क्लिंच गाठ, म्हणजे पाच वेढे घेऊन टोक मागच्या फासातून काढण्याची पद्धत, या दोरीवर म्हणूनच दगा देते. हाताने ओढून पाहिली तर ती पक्की वाटते, आणि जोराचा झटका बसल्यावर मुकाट्याने सुटते. आठ पदरी दोऱ्या याहून गोल आणि मऊ असतात, त्यांच्यावर घसरण अधिक. चार पदरी दोरीचा किंचित खरखरीतपणा रॉडच्या कड्यांतून जाताना आवाज करतो खरा, पण नवशिक्याच्या गाठीला तोच आधार देतो.

दोरी थेट स्नॅपला (उघडझाप होणाऱ्या कडीला), स्विव्हलला (फिरत्या कडीला) किंवा एकेरी गळाला बांधायची असेल तर माझी पसंती निःसंशय पालोमार गाठीला आहे. वीतभर दोरी दुमडून तो दुहेरी पदर नेढ्यातून काढावा, त्या दुहेरी पदराचीच एक साधी सैल गाठ मारावी, मग टोकाच्या फासातून अख्खा गळ पलीकडे काढून दोरी ओली करावी आणि दोन्ही पदर एकत्र धरून सावकाश आवळावी. यात नजर ठेवायची ती एकाच गोष्टीवर: नेढ्यातून जाणारे दोन पदर एकमेकांवर चढता कामा नयेत, ते शेजारी शेजारीच बसले पाहिजेत, कारण चढलेला पदर ताणाखाली दुसऱ्याला कापतो. गाठ नीट बसली की नेढ्याभोवती दुहेरी कडे स्पष्ट दिसते. सुटे टोक अगदी मुळाशी न कापता पाच-सहा मिलिमीटर ठेवावे. मोठ्या, तीन आकड्यांच्या ल्यूरला (कृत्रिम आमिषाला) मात्र ही गाठ गैरसोयीची आहे, कारण फासातून ते सगळे धूड काढताना आकडे अडकतात. तेथे स्नॅप वापरणे बरे. आवळताना दोरी बोटांना गुंडाळू नये, ती काचत नाही तर चक्क कापते. काठीच्या तुकड्याला दोन वेढे देऊन ओढावे.

कालवे (धारदार शिंपले) लागलेल्या कातळाजवळ नुसती ब्रेडेड दोरी क्षणभरही टिकत नाही, म्हणून पुढे ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर (गळाच्या बाजूला जोडायचा वेगळ्या दोरीचा तुकडा) लागतोच, आणि दोन वेगळ्या स्वभावाच्या दोऱ्या जोडण्याचा खरा प्रश्न तेथे येतो. डबल युनी ही त्यातली सोपी जोडगाठ; तिच्यात प्रत्येक दोरीचे टोक दुसरीभोवती वेढून गाठ मारतात आणि दोन्ही गाठी एकमेकींकडे ओढून आवळतात. ब्रेडेड बाजूला आठ आणि लीडरच्या बाजूला चार-पाच वेढे घ्यावेत; दोन्हीकडे सारखेच पाच घेतले की ब्रेडेड बाजू सरकते. ओहोटीच्या वेळी, हात ओले असताना, बॅटरीच्या उजेडातही ती मारता येते हे तिचे मोठेपण. तिचा दोष म्हणजे जाडी. फेकताना ती रॉडच्या कड्यांना आपटते, म्हणून लीडर हात-दीड हातच ठेवून गाठ कड्यांच्या बाहेर राहू द्यावी.

लांब लीडर हवा असणाऱ्याने एफजी गाठ शिकावी. तिच्यात लीडर दुमडलाच जात नाही, त्यामुळे ती बारीक राहून कड्यांतून निघते. ताणून धरलेल्या ब्रेडेड दोरीवर लीडरने एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने असे वेढे घेत जावे, साधारण वीस झाले की दोन्हींवर मिळून एक-दोन हाफ हिच (साधे एकेरी फास) मारावेत आणि मग ओली करून पूर्ण जोराने ओढावी. वेढे लीडरमध्ये रुतले की दोरीचा रंग त्या भागात एकदम गडद होतो. तो गडद झाला नाही तर गाठ बसलेली नाही असे समजून सरळ सोडवावी. त्यानंतरच लीडरचे टोक मुळाशी कापून पुढे नुसत्या ब्रेडेड दोरीवर आणखी काही हाफ हिच घ्यावेत. येथे टोक जाळण्यासाठी लायटर काढण्याची सवय अनेकांना असते, पण हा धागा १५० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, आणि ज्योत नुसती जवळून गेली तरी शेजारचा पदर दुबळा होतो. वाऱ्यावर उभे राहून ही गाठ मारण्याचा हट्ट धरू नये. घरी बसून दोन-तीन लीडर तयार ठेवणे शहाणपणाचे.

रीळ दुकानातून भरून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. मुंबईतल्या एका दुकानात माझ्या रिळावर ही दोरी थेट गुळगुळीत धातूवर गुंडाळून दिली गेली, खाली तंगुसाचा थर नाही की चिकटपट्टी नाही. परिणाम असा की ड्रॅग (मासा ओढताना दोरी किती जोराने सुटावी हे ठरवणारा रिळाचा ब्रेक) घट्ट केला तरी दोरीचा सगळा गठ्ठाच रिळावर गरगर फिरू लागला, आणि दुकानदार दोष ड्रॅगचा असल्याचे शेवटपर्यंत सांगत राहिला. तळाला तंगुसाचे काही वेढे देऊन त्याला ही दोरी डबल युनीने जोडली की हा प्रकार घडत नाही. ड्रॅगही बेताचा, म्हणजे स्प्रिंगच्या काट्यावर तीन-साडेतीन किलोचा ठेवावा, कारण ही दोरी ताणत नसल्याने झटका पोटात घेत नाही आणि तो सगळा गाठीवर येतो.

किंमत तंगुसाच्या कित्येक पट आहे आणि नावाजलेल्या दोऱ्यांची नक्कलही विकली जाते. खोके उघडल्यावर पेन्सिलीवर दहा वेढे एकमेकांना चिकटवून गुंडाळावेत आणि पट्टीने मोजावेत. दोरी थोडी चपटी होत असल्याने २.८ मिलिमीटरचा आकडा तंतोतंत जुळणार नाही, पण रुंदी दीडपट-दुप्पट भरली तर माल परत करावा. खऱ्या मालाला किंमत मोजणे मला परवडले, कारण ती वर्षानुवर्षे चालते. दर खेपेनंतर गोड्या पाण्याने धुवावी, टोकाकडची वाव-दोन वाव नखांतून फिरवून खरखरीत लागेल तो भाग कापून टाकावा, आणि पुढची निम्मी झिजली की दुसऱ्या रिळावर उलटी गुंडाळून तळाची कोरी बाजू वर आणावी. १५० यार्डांच्या खोक्यात कापाकापीला फारशी जागा उरत नाही, त्यामुळे रिळात मावत असेल तर ३०० यार्डांचेच घ्यावे.