व्हॉट्सॲप, टेलिग्राम की सिग्नल: नोटीस आली तर कंपनीच्या हातात काय असेल?

वकील मैत्रिणीपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत बरेच जण विचारतात, बोलायला कुठलं ॲप बरं? स्टिकर आणि ग्रुपचा आकार बाजूला ठेवू. माझी कसोटी एकच: उद्या सरकारी नोटीस कंपनीच्या दारात गेली, तर तिच्याकडे देण्यासारखं काय असेल?

टेलिग्राम लवकर निकाली निघतं. 'सुरक्षित' म्हणून त्याचा बोलबाला फार, पण तिथले नेहमीचे चॅट आणि ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच, कंपनीलाही, वाचता न येणारे) नसतातच. ते कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि ते उलगडायच्या किल्ल्याही तिच्याकडेच. 'सीक्रेट चॅट' मुद्दाम सुरू करावं लागतं, तेही दोघांपुरतं. ऑगस्ट २०२४ मध्ये संस्थापक पावेल दुरोव यांना फ्रान्समध्ये अटक झाली आणि महिन्याभरात धोरण बदललं: कायदेशीर मागणी आली तर फोन नंबर आणि आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा पत्ता) देऊ. चॅनेल वाचायला ठीक, खासगी बोलायला नको.

व्हॉट्सॲपचा मजकूर २०१६ पासून एंड-टू-एंड, आणि त्यामागचा प्रोटोकॉल, म्हणजे एन्क्रिप्शनची पद्धत, चक्क सिग्नलची. मात्र कोण कोणाशी बोलतं याचा माग व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला लागतो. शिवाय क्लाउडवरच्या बॅकअपचं एन्क्रिप्शन आपण स्वतः चालू करावं लागतं. बहुतेकांनी ते केलेलं नसतं. पुढच्या दाराला कुलूप, परसदार सताड उघडं.

भारतात कायद्याचा रोखही व्हॉट्सॲपवरच आहे. २०२१ च्या आयटी नियमांनुसार ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेनं, आदेश आल्यास, एखादा संदेश सर्वांत आधी कुणी पाठवला हे शोधून द्यायचं. सरकार म्हणतं, हे फक्त देशाची सुरक्षा, बलात्कार, बालकांचं लैंगिक शोषण अशा गंभीर गुन्ह्यांसाठी. नियमात तसं लिहिलेलंही आहे. पण कुठला संदेश पुढे चौकशीत येणार हे आधी कुणाला ठाऊक? म्हणजे कुणी पाठवला याची खूण सगळ्यांच्याच संदेशांना लावून ठेवायची. तुम्ही बहिणीला पाठवलेल्या रक्ततपासणीच्या रिपोर्टलाही. संशयिताचा माग काढणं वेगळं आणि संशयाआधीच सगळ्यांची नोंद ठेवणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, त्याच्या आधारे व्हॉट्सॲप या नियमाविरुद्ध मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. यासाठी एन्क्रिप्शन तोडायला लावलंत तर व्हॉट्सॲप इथून जाईल, असं कंपनीच्या वकिलांनी २०२४ मध्ये कोर्टात सांगितलं.

सिग्नलला २०१६ मध्ये अमेरिकेत समन्स आलं, तेव्हा देता आल्या दोनच गोष्टी: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही साठवलेलंच नव्हतं. नोंदणीला फोन नंबर लागतो, ही उणीव. मोठी अडचण म्हणजे मावशी तिथं नाही. आणि असं ॲप एका दिवसात बंदही होऊ शकतं: मे २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवादाचं कारण देऊन केंद्रानं १४ ॲप रोखली, त्यांत ब्रायर, एलिमेंट, थ्रीमा ही अशीच एन्क्रिप्टेड मेसेजिंग ॲप होती. सिग्नल नव्हतं.

तर वकील, पत्रकार, समुपदेशक यांनी कामाचं बोलणं सिग्नलवर न्यावं, संदेश आपोआप पुसले जातील असं सेटिंग ठेवून. बाकीच्यांनी व्हॉट्सॲपवर खुशाल राहावं, पण बॅकअप आजच एन्क्रिप्ट करावा. त्याचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून कपाटात ठेवा; विसरलात तर व्हॉट्सॲपलाही तो परत देता येत नाही.