कंडक्टर व्हायचंय: ऑपेरागृहाची वाट धरावी की ऑर्केस्ट्राची?

कंडक्टिंगचं, म्हणजे हातातल्या काठीच्या इशाऱ्यांवर ऑर्केस्ट्रा चालवण्याचं, शिक्षण संपलं की समोर दोन वाटा असतात. पहिली म्हणजे ऑपेरागृहात पियानोवर साथ करणारा म्हणून शिरायचं आणि पायरी पायरीने पिटमध्ये, म्हणजे मंचासमोरच्या वादकांच्या खड्ड्यात, कंडक्टर म्हणून उभं राहायचं. जर्मनीत याला कपेलमाइस्टरची वाट म्हणतात. दुसरी म्हणजे एखादी आंतरराष्ट्रीय स्पर्धा गाजवायची, मोठ्या ऑर्केस्ट्रात सहायक व्हायचं आणि मग पाहुणा कंडक्टर म्हणून देशोदेशी फिरायचं. दोन्ही वाटांनी माणसं शिखरावर पोचली आहेत, त्यामुळे कोणा एकाचं चरित्र वाचून निर्णय घेण्यात अर्थ नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: पियानोवर हात खरोखर बसलेला असेल तर ऑपेरागृहापासून सुरुवात करा. नसेल तर दुसरी वाट धरा, पण मग ऑपेराला तिशीच्या आत हात घाला.

ऑपेरागृहातली पहिली नोकरी रेपेटिटरची. गायकांकडून भूमिका पाठ करून घ्यायची, मंचावरच्या तालमीत अख्ख्या ऑर्केस्ट्राचं काम एकट्याने पियानोवर करायचं, आणि जो गायक आलेला नाही त्याची ओळ वाजवता वाजवता स्वतः गायची. नोकरीच्या चाचणीत ‘कार्मेन’मधलं पंचगीत, ‘फिगारो’मधले अंकाचे शेवट, ‘ला बोएम’, रिखार्ड श्ट्राउसच्या ‘सालोमे’तला पाच ज्यूंचा प्रसंग असल्या गोष्टी समोर ठेवतात. तिथे सगळे सूर बरोबर वाजणं दुय्यम असतं. लय सुटते का, गाणाऱ्याचा श्वास तुम्हाला ऐकू येतो का, हे बघतात.

काठी हातात येते ती आडवाटेने. आधी पडद्यामागच्या कोरसला इशारे द्यायचे. हे काम कमी लेखू नका. तुम्ही टीव्हीच्या पडद्यावर कंडक्टरचा हात बघत असता आणि कोरस प्रेक्षकांपासून वीस-पंचवीस मीटर आत उभा असतो. आवाजाला सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाता येतं, म्हणजे तेवढ्या अंतरात सेकंदाचा चौदावा ते सतरावा हिस्सा निघून जातो. पडद्यावरच्या हाताबरोबर हात पाडला तर सभागृहात कोरस मागे पडलेला ऐकू येतो, म्हणून थोडं पुढे राहावं लागतं. नेमकं किती पुढे, ते ते सभागृहच शिकवतं.

मग एके दिवशी ठरलेला कंडक्टर आजारी पडतो किंवा मालिकेतले उरलेले प्रयोग तुमच्याकडे येतात, आणि ऑर्केस्ट्राबरोबर एकही तालीम न करता तीन तासांचा प्रयोग पार पाडायचा असतो. समजा ‘ला बोएम’चा पहिला अंक चालू आहे. रोदोल्फोच्या गाण्यात वरचा ‘सी’ येतो. आजचा टेनर (उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक) तो किती लांबवणार, हे त्यालाही आधी ठाऊक नसतं. कित्येक जण हे गाणं अर्धा सूर खाली उतरवून गातात, तेव्हा आज कोणती पट्टी आहे हे सगळ्या वादकांपर्यंत पोचलंय ना, याची खात्रीही आधीच करावी लागते. त्या सुरावर ऑर्केस्ट्राला थोपवून धरायचं आणि गायकाचा श्वास संपायच्या आत सुटायचं. ही गोष्ट वर्गात शिकता येत नाही. जर्मन कंडक्टर योआना माल्विट्झ यांनी विशीच्या उंबरठ्यावर, हायडेलबर्गमध्ये, ‘मादाम बटरफ्लाय’चा प्रयोग असाच ऐनवेळी उभा केला होता. पुढे एरफुर्ट, न्युरेंबर्ग अशा पायऱ्या चढत २०२३ मध्ये त्या बर्लिनच्या कोन्त्सर्टहाउस ऑर्केस्ट्राच्या प्रमुख झाल्या. किरिल पेट्रेंको यांचंही तसंच. व्हिएन्नाच्या फोल्क्सओपरमधून ते मायनिंगनसारख्या छोट्या गावी गेले, २००१ मध्ये तिथे वाग्नरची ‘रिंग’ ही चार ऑपेरांची मालिका सलग चार दिवसांत सादर केली आणि २०१९ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकच्या प्रमुखपदी आले.

आता दुसरी वाट. तिचं मोठं बळ म्हणजे वेग. गुस्ताव्हो दुदामेल यांनी २००४ मध्ये बांबर्गची माहलर स्पर्धा जिंकली आणि २००९ मध्ये ते लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक झाले. लिओनर्ड बर्नस्टाइन न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे सहायक असताना १४ नोव्हेंबर १९४३ रोजी ब्रूनो वॉल्टर आजारी पडले आणि एका दुपारीत बर्नस्टाइन यांचं आयुष्य पालटलं. ही गोष्ट प्रत्येक सहायकाच्या मनात घर करून असते. पण बहुतेक सहायकांचा हंगाम वेगळाच जातो: स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) मांडीवर घेऊन रिकाम्या सभागृहात बसायचं, पितळी वाद्यं व्हायोलिनवर चढतायत का ते सांगायचं, मुलांसाठीचे आणि उन्हाळी कार्यक्रम करायचे, आणि ज्या मोठ्या सिंफनीची (ऑर्केस्ट्रासाठीच्या दीर्घ रचनेची) सगळी तयारी केली ती प्रत्यक्ष न करता घरी जायचं.

तरी त्या बसण्यातून पुष्कळ पदरी पडतं. आठवड्याला एक नवा मोठा कंडक्टर येतो, आणि तीन-चार तालमींच्या वेळेची वाटणी तो कशी करतो, कुठे थांबतो, कुठे मुद्दाम थांबत नाही, हे जवळून दिसतं. कपेलमाइस्टरला नेमकं हेच मिळत नाही. तालीम न करता प्रयोग तारण्यात तो तरबेज होतो, पण रोजच्या त्या धावपळीत तालीम घेण्याची कला कच्ची राहू शकते. शिवाय गायकाच्या मागे जायची सवय अंगात भिनली की गायक नसलेल्या संगीतात वाक्य स्वतः पुढे न्यायला हात कचरतो. ब्रुकनर, माहलर, सिबेलियस यांच्या सिंफनी वाट्याला उशिरा येतात, कारण थिएटरच्या ऑर्केस्ट्राच्या मैफली आधी प्रमुख कंडक्टरच्या असतात. ऑपेराची बाजू घेताना हा तोटा मी झाकणार नाही.

स्पर्धेबद्दल एवढंच, की तिथे ऑर्केस्ट्रापुढे मिळणारा वेळ मिनिटांत मोजतात. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा आरंभच घ्या. पहिला ठोका रिकामा, मग तीन झपझप सूर आणि एक लांबवलेला. हाताच्या एकाच तयारीच्या हालचालीत लय, जोर आणि सुरुवात तिन्ही सांगावी लागतात. ते पहिल्या झटक्यात जमलं की वादकांचा विश्वास बसतो. नाही जमलं तर उरलेला वेळ तो मिळवण्यात जातो.

पैशाचं गणित दोन्हीकडे निराळं. ऑपेरागृहात दरमहा पगार मिळतो, फार नाही, पण मिळतो. मात्र जर्मनीतला करार हंगामापुरता असतो आणि नूतनीकरण होणार नसेल तर सुरुवातीच्या वर्षांत ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवायचं असतं. पंधरा वर्षं एकाच थिएटरात झाली की असं सहज काढता येत नाही, म्हणून कित्येक थिएटरं त्याआधीच निरोप देतात. पाहुण्या कंडक्टरची बिदागी एका आठवड्यापुरती बरी दिसते, पण त्यातून एजंटचा वाटा जातो, बरेचदा प्रवास आणि मुक्कामही जातो, आणि मधले रिकामे आठवडे कोणी भरून देत नाही. ऑपेरात पाहुणा म्हणून गेलात तर नव्या निर्मितीला सहाएक आठवडे अडकता आणि पैसे मात्र सहसा प्रयोगागणिक मिळतात. २०२० मध्ये प्रयोग रद्द झाले तेव्हा अनेकांच्या हाती तालमी करूनही काहीच पडलं नाही. अमेरिकेत प्रमुखपद मिळालं तर देणगीदारांच्या भेटीगाठी हा कामाचाच भाग धरा. जर्मनीत बहुतांश खर्च शहर आणि राज्य उचलतं.

माझा कौल ऑपेराकडे झुकतो तो पुढच्या टप्प्यामुळे. ऑपेरातून सिंफनीकडे जाणं तुलनेने सोपं पडतं. गेओर्ग शोल्टी बुडापेस्टमध्ये रेपेटिटर होते. मग म्युनिक आणि फ्रांकफुर्टची ऑपेरागृहं, १९६१ पासून लंडनचं कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृह, आणि १९६९ ते १९९१ शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रा. अँटोनियो पापानो रेपेटिटरपासून वर आले, २००२ ते २०२४ कॉव्हेंट गार्डनला राहिले आणि मग लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख झाले. उलट दिशेने जायचं तर भाषा, गायकांच्या गळ्याची जाण आणि पन्नासेक ऑपेरांचा साठा हे सगळं प्रौढ वयात, लोकांच्या नजरेसमोर कमवावं लागतं. झुबिन मेहता यांनी ते साधलं: १९५८ मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, १९६२ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक हाती आलं, आणि १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांनी ‘आयदा’ केला. तेव्हा ते अजून तिशीत पोचले नव्हते. पुढे फ्लोरेन्स आणि म्युनिक इथली ऑपेरागृहंही त्यांनी सांभाळली. वय माझ्या दृष्टीने इथे कळीचं आहे. सेइजी ओझावा बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रातली २९ वर्षं संपवून २००२ मध्ये व्हिएन्ना स्टेट ऑपेराला गेले खरे, पण त्यांच्यासारखं आमंत्रण येईल असं धरून आयुष्याचा बेत आखू नये.

पियानो जमत नाही पण चेलो किंवा व्हायोलिन उत्तम वाजतं, अशांनी फिनलंडकडे बघावं. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत विद्यार्थ्यांना शिकतानाच प्रत्यक्ष वादकसमूहासमोर उभं करतात आणि नंतर चित्रफीत दाखवून चुका काढतात. योर्मा पानुला यांनी रुजवलेली ही पद्धत. चेलोवादक क्लाउस मॅकेला त्यांच्याच तालमीत तयार झाले. १९९६ मध्ये जन्मलेला हा माणूस विशीतच ऑस्लो फिलहार्मोनिकचा प्रमुख होता.

स्पर्धांना वयाची अट असते, बहुतेक ठिकाणी पस्तिशीच्या आसपास, आणि ऑपेरागृहात नोकरी करतानाही त्यांत उतरता येतं. फक्त हंगामाच्या मध्यात आठवडाभर सुटी मिळणं अवघड असतं. म्हणून कुठल्या स्पर्धेला जायचं आहे ते सही करण्यापूर्वीच थिएटरला सांगा आणि ती रजा करारात लिहून घ्या.