एका रुपयाचं परमिट

27,001 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ‘किती गेले?’ हा प्रश्न मध्येमध्ये येणार नाही. शिवाय पाच जणांच्या आधार कार्डांचे दोन्ही बाजूंचे फोटो गेले. त्यांची किंमत अजून मला लावता आलेली नाही.

मी सरकारी नोकरीत 31 वर्षं कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं की दरवर्षी आपल्या देशाचा एक तुकडा नीट बघायचा. हंपी-बदामी झालं, चिलिका झालं, ब्रह्मपुत्रेतलं माजुली झालं, कान्हा झालं. टूर कंपनीबरोबर एकदाही गेलो नाही. गाड्या, मुक्काम, परवाने सगळं मीच बघतो. नातेवाइकांत आणि सोसायटीत कुणाला कुठं जायचं असलं की फोन मला येतो आणि मीही वही उघडून अर्धा तास बोलतो. ही फुशारकी लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग दुसऱ्याच कुणीतरी करून घेतला.

यंदा ताडोबा ठरलं. आम्ही दोघं, मेहुणा-मेहुणी आणि नऊ वर्षांची नात. सांगलीहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं वर्धा, तिथून गाडी करून वरोऱ्याला आनंदवन बघायचं आणि ताडोबाच्या गेटाजवळ मोहर्लीला मुक्काम. नातीच्या परीक्षेचं वेळापत्रक लागेपर्यंत मी थांबलो, तिथंच घोडं अडलं. उन्हाळ्यात पाणी आटतं, वाघ पाणवठ्यावर येतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये कोअरच्या, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यातल्या, सफारीवर उड्या पडतात. वनखात्याचं पान उघडलं तर आम्हाला हवे ते दिवस भरलेले.

मग मी मोबाइलवर ‘ताडोबा सफारी बुकिंग’ असं टाकलं आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर बोट ठेवलं. वर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. म्हणजे जागेचे पैसे भरून ते तिथं बसलेलं असतं. मला हे माहीत होतं. माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं यांत फरक पडतो. पान देखणं होतं: चार सिंहांची मुद्रा, वाघाचा फोटो, मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी अशी गेटांची यादी आणि आम्हाला हव्या त्या रविवारी हिरव्या रंगात ‘उपलब्ध’. खाली व्हॉट्सॲपची खूण.

सरकारी पानावर भरलेली गाडी इथं मोकळी कशी? हा प्रश्न मला पडला होता. उत्तरही मीच तयार ठेवलं: एजंटांचा कोटा असेल, तत्काळमधल्या असतील. समोरच्याला मला खोटं सांगावंही लागलं नाही.

फोनवरचा माणूस छान मराठी बोलत होता. घाई नाही, गळेपडूपणा नाही. ‘सर, सध्या तेलिया तलावाच्या बाजूला चांगलं सायटिंग आहे. लहान मूल आहे ना बरोबर? मग मोहर्लीच घ्या.’ मग म्हणाला, ‘रविवारची एक जिप्सी देतो. मंगळवार सकाळचीही आहे, दोन्ही घेतल्या तर कमी करून देईन.’

मी म्हटलं, ‘अहो, मंगळवारी कोअर बंद असतो ना?’

क्षणभर शांतता. मग तो मनापासून हसला. ‘सॉरी सर, बरोबर आहे तुमचं. तुम्हाला जंगलाची बरीच माहिती दिसते. नाहीतर लोक काहीही विचारतात.’

आणि मी, साठी ओलांडलेला माणूस, खूश झालो. कान्हाला बुधवारी दुपारची फेरी नसते, तेही त्याला सांगितलं. ताडोबाची तिकिटं विकणाऱ्याला मंगळवारची सुट्टी ठाऊक नाही, म्हणजे वडापावच्या गाडीवाल्यानं पाव कशाचा करतात ते विचारण्यातली गत. चोर स्वतःच्या तोंडानं ‘मी चोर’ म्हणाला आणि मी त्याचं व्याकरण सुधारून दिलं.

जिप्सीचे 13,500 ठरले, प्रवेश, गाडी, गाईड सगळं धरून. पाच जणांची आधार कार्डं पाठवा म्हणाला. परमिटवर नाव आणि ओळखपत्राचा नंबर असतो, गेटवर मूळ कार्ड दाखवावं लागतं, हे खरंच आहे. त्यामुळे मला वावगं वाटलं नाही. मेहुण्याकडून त्यांचे फोटो मागवून घेतले आणि सगळे एकत्र पाठवले.

पैशासाठी क्यूआर आला. त्यावर वाघाचा पंजा आणि सफारीचं नाव छापलेलं. स्कॅन केल्यावर ॲपमध्ये नाव उमटलं ते कुठल्यातरी किराणा दुकानाचं. चित्रावर कुणीही काहीही छापू शकतो, ॲपमध्ये येतं ते बँकेत नोंदवलेलं नाव. त्या व्यवहारात खरी गोष्ट ती एकच होती. मी विचारलं तर म्हणाला, ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे सर, मार्चअखेर आहे ना.’ मार्चअखेर म्हटलं की सरकारी माणूस विरघळतो. कित्येक मार्चअखेर मी रात्री दहापर्यंत ऑफिसात काढलेत.

पैसे गेले. दहा मिनिटांनी फोन. ‘सर, एक छोटा प्रॉब्लेम. सिस्टीमला 13,501 लागतात, तुम्ही 13,500 टाकलेत. रक्कम जुळली नाही म्हणून होल्डला गेलंय. तुम्ही पूर्ण 13,501 टाका, आधीचे चोवीस तासांत आपोआप परत येतील. लवकर करा, सीट सुटेल.’

मी टाकले. पाचच मिनिटांत परमिटची पीडीएफ आली. वर वनखात्याचं नाव, नंबर, गेट, फेरी, पाच नावं, आधारचे आकडे, खाली नियम. मी आयुष्यभर सरकारी कागद हाताळलेत. रकान्यांची मांडणी, ठशाची जागा, सूचनांची भाषा, सगळं बरोबर होतं. मी ते रंगीत छापून आणलं.

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती पोळी वाढता वाढता थांबली. ‘एक रुपया कमी पडला, तर एक रुपयाच मागायचा ना. साडेतेरा हजार परत कशाला?’

मी म्हटलं, ‘त्यांची सिस्टीम असते तशी. तुला नाही कळायचं.’

हे वाक्य ती विसरलेली नाही. विसरावं अशी माझी अपेक्षाही नाही.

चोवीस तासांत पैसे आले नाहीत. ‘क्लोजिंगमुळे बँका बंद आहेत सर,’ असं उत्तर आलं, मग ‘प्रोसेसमध्ये आहे’. मी फार ताणलं नाही, कारण परमिट हातात होतं. आता कळतं की ते परमिट गेटवर दाखवण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. मी नऊ दिवस गप्प राहावं एवढंच त्याचं काम, आणि ते त्यानं चोख केलं.

रविवारी पहाटे पाचच्या आधी आम्ही मोहर्ली गेटवर. अंधारात जिप्स्या रांगेनं उभ्या, कुणी थर्मासातला चहा ओततंय, हवेत मोहाच्या फुलांचा तो गोड-आंबूस वास. कोअरमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत म्हणून आमचे फोन खोलीवरच होते. नातीनं गळ्यात मेहुण्याची दुर्बीण अडकवलेली.

खिडकीतल्या कर्मचाऱ्यानं माझा कागद घेतला, टॉर्च धरला आणि स्वतःकडच्या यादीवरून अंगठा खाली नेत गेला. शेवटापर्यंत. मग पुन्हा वरून.

‘काका, तुमचे नावं नाहीत ना यादीत.’

मी म्हटलं, नंबर बघा. त्यानं नंबर बघितला, आत जाऊन आला. आवाज खाली आणून म्हणाला, ‘हा नंबर मागच्या महिन्यातला आहे जी, कोण्या दुसऱ्याच पार्टीचा. त्यावरचे नावं अन् तारीख बदलवली कोणीतरी. कोणाकून केलं बुकिंग?’

मागच्या जिप्सीनं दिवे लावले. आम्हाला बाजूला व्हावं लागलं. एकेक गाडी आमच्या शेजारून आत गेली. नातीनं विचारलं, ‘आजोबा, आपली कुठली?’ मी मेहुण्याकडे बघितलं नाही. तो बिचारा एवढंच म्हणाला, ‘चहा घेऊ या का?’

खोलीवर येऊन फोन लावला, तर नंबर बंद. व्हॉट्सॲपवर त्याचा वाघाचा फोटो दिसेनासा झालेला. माझ्या मनात पहिलं आलं ते हे की ही सगळी बोलणी पुसून टाकावीत, म्हणजे मुलाला दाखवावी लागणार नाहीत. अंगठा तिथवर गेलाही होता. होमस्टेचे मालक दारात उभे होते (त्यांच्याकडची खोली मी थेट फोन करून ठरवली होती आणि ती ठीकठाक निघाली). ते म्हणाले, ‘पुसू नका भाऊ, तेवढंच तर आहे तुमच्यापाशी. आधी 1930 लावा. तुमी काही पयले नाही.’

1930 हा सायबर फसवणुकीचा देशभरचा क्रमांक. रेंज येत-जात होती, तिसऱ्यांदा लागला. बाईंनी दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी क्रमांक विचारले, माझी बँक, रक्कम, वेळ. नंतर म्हणाल्या, ‘पैसे कधी पाठवलेत?’ मी म्हटलं, नऊ दिवसांपूर्वी. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच गोठवता येतात. बायकोनं पोळी वाढताना जे विचारलं, तेव्हाच मी फोन केला असता तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. तक्रारीचा क्रमांक मिळाला, त्यावरून सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर उरलेली माहिती भरली, पीडीएफ आणि क्यूआरचे फोटो जोडले. बँकेलाही लेखी दिलं. तिथं जे ऐकायला मिळालं ते चूक नव्हतं: पिन तुम्ही स्वतः टाकलाय. पुढे समजलं की रक्कम परराज्यातल्या खात्यात गेली आणि त्याच संध्याकाळी तिथून चार ठिकाणी वाटून काढली गेली. एका खात्यात 1,240 रुपये अडकून राहिलेत. ते मिळतील तेव्हा मिळतील.

त्या दुपारी होमस्टेच्या मालकांनीच शेजारी बसून मला अधिकृत पान उघडायला लावलं आणि पत्त्यातला ‘गव्ह डॉट इन’ हा भाग बोटानं दाखवला. आगरझरी बफरला, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यात, दुपारच्या फेरीत एक गाडी मोकळी होती. ते बुकिंग करताना ओळखपत्राचा नुसता नंबर टाइप करावा लागला, कार्डाचा फोटो कुणी मागितला नाही. पैसेही सरकारी पानावरूनच गेले, क्यूआर कुणी व्हॉट्सॲपवर पाठवला नाही. एवढं साधं.

वाघ दिसला नाही. रानगवे दिसले, सांबर दिसलं, आणि पानं गळालेलं कांडोळाचं एक झाड उतरत्या उन्हात असं पांढरंफटक उभं होतं की नात जिप्सीत उठून उभी राहिली. गाईड म्हणाली, ‘याले भुताचं झाड म्हणतात.’ रात्री चांदण्यात ते हाडासारखं चमकतं म्हणे. नातीनं वहीत तेच काढलं, वाघ काढला नाही. वाटेत मोहाखाली झाडून ठेवलेले गोल दिसत होते. पहाटे बाया फुलं वेचायला येतात, वाकून काम करतात आणि वाघाच्या हल्ल्यात सापडतात ती माणसं बऱ्याचदा अशीच असतात. गाईड हे सांगत होती तेव्हा तेवढा वेळ तरी मी माझे 27,001 विसरलो होतो.

घरी आल्यावर पाचही जणांची आधारची बायोमेट्रिक्स लॉक केली. ते ॲपवरून होतं, पैसे लागत नाहीत. ओळखपत्राची प्रत कुणाला द्यावीच लागली तर आता मास्क्ड आधार देतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मेहुणीला अजून धाकधूक आहे. तिच्या नावावर कुठं सिम किंवा कर्ज निघालं तर माझ्यामुळे, हे मला मान्य आहे.

तीन आठवड्यांनी एक फोन आला. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे 27,001 ट्रेस झालेत, रिलीज करायला 1,850 रुपये प्रोसेसिंग फी भरा.’ रक्कम एका रुपयासकट बरोबर होती. ही माहिती त्यांच्याकडे कुठून आली असेल याचा अंदाज तुम्हीही करू शकता: ज्यांनी घेतले त्यांना आकडा पाठच असणार. खरं सांगायचं तर दोन-तीन सेकंद मी मोहात पडलो होतो. मग म्हटलं, ‘माझ्याच 27,001 मधून कापून घ्या की फी.’ फोन कट.

आता पुढच्या हिवाळ्यात काझीरंग्याचं चाललंय. परवा गुवाहाटीच्या मुक्कामाची आगाऊ रक्कम पाठवत होतो. बायको शेजारी येऊन बसली.

‘नाव वाचा.’

मी वाचलं.

‘मोठ्यानं.’