गिट आठ महिने वापरल्यावर: कमिट न केलेलं काम गेलं तेव्हा काय काय परत आलं

मी दारव्हा तालुक्यातल्या गावातून काम करतो, कापूस घेणाऱ्या एका व्यापाऱ्यासाठी काट्याच्या पावतीचा प्रोग्राम बनवतोय. आधी रोज झिप करून पेनड्राइव्हवर ठेवायचो, आता आठ महिने झाले गिट, म्हणजे कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर. कमिट (झालेलं काम गिटमध्ये नोंदवणं), ब्रँच (कामाची वेगळी शाखा) मस्त चालतं, त्यावर जास्त लिहीत नाही, एका संध्याकाळचं सांगायचंय.

ऐन सीझन, आणि एका फाइलीतली गडबड काढायला मी घाईत गिट रिसेट हार्ड मारलं, म्हणजे फाइली शेवटच्या कमिटसारख्या करून टाकणारी कमांड. ते एकदाही विचारत नाही, हे मला आजही खटकतं. हमाली-तोलाई कापून शेतकऱ्याच्या हातात किती पडतात तो पूर्ण हिशोब, सकाळपासून लिहिलेला, कमिट न केलेला, एका सेकंदात साफ. हातपायच गळाले. यवतमाळच्या मित्राला फोन लावायचा तर रेंजसाठी पाण्याच्या टाकीपाशी जावं लागलं. तो म्हणे, "आधी काहीच नको करू बे, पूरा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी मार. अन् ॲड केलं होतं का तू?"

केलं होतं! दुपारी जेवायला उठताना. आणि सगळं तिथंच वाचलं, कारण गिट ॲड म्हटलं की फाइलीची पूर्ण प्रत तेव्हाच डॉट गिट फोल्डरमध्ये (गिटचा स्वतःचा साठा) जाते, कमिट व्हायची वाट बघत नाही, आणि रिसेट ती प्रत पुसत नाही. घरी येऊन गिट एफएससीके, पुढे डॅश डॅश लॉस्ट फाउंड, एवढं टाकलं, कुठंच न जोडलेल्या प्रती शोधून लॉस्ट-फाउंड फोल्डरमध्ये काढून देणारी कमांड. नेट लागत नाही याला, लाइट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर. लॉस्ट-फाउंडच्या आत अदर फोल्डरमध्ये 23 फाइली, नाव एकीलाही नाही, नुसते 40 अक्षरांचे आकडे. मग ग्रेपनं (फाइलींच्या आतला शब्द शोधणारी कमांड) "हमाली" शोधलं, तीन सापडल्या, तिसरी उघडली तर माझाच हिशोब, शेवटच्या कंसापर्यंत जसाच्या तसा. डोळ्यात पाणी आलं.

जेवणानंतरचे दोन तास मात्र गिटकडे नव्हतेच, जे ॲड केलं नाही ते त्याला माहीतच नसतं. ते व्हीएस कोडच्या (कोड लिहायचा एडिटर) टाइमलाइननं दिलं, 2022 पासून त्यात प्रत्येक सेव्हची प्रत राहते. एक फाइल नोटपॅडमध्ये लिहिली होती ती गेली ती गेलीच, रात्री परत लिहिली.

असं झालं तर उशीर करू नका, कुठंच न जोडलेल्या या प्रती दोन आठवड्यांपेक्षा जुन्या झाल्या की गिटची सफाई त्या उडवते. मी आता जागेवरून उठताना ॲड करतो, संध्याकाळी अर्धवट का असेना कमिट करतो, कमिट रिसेटमध्ये सुटलं तरी रिफ्लॉगमध्ये (आधी कुठल्या कमिटवर होतो त्याची गिटनं ठेवलेली नोंद) साधारण 30 दिवस सापडतं. गिटमध्ये नसलेल्या फाइली उडवणाऱ्या गिट क्लीनला मात्र डॅश एन लावून काय काय उडणार ते वाचल्याशिवाय हात लावत नाही, ॲड न केलेल्या नव्या फाइली त्यानं उडवल्या तर एफएससीकेलाही सापडत नाहीत.