प्रीमियर पद्मिनी 1986, धुळे: विकायची की ठेवायची, दोन महिने चालवून लिहिलेला रिव्ह्यू

आमच्या गाडीची आरसी येत्या जुलैत संपतेय. 1986 ची प्रीमियर पद्मिनी, मळकट पांढरा रंग, तोच कंपनीचा, आम्ही कधी बदलला नाही. धुळ्यात घरापुढे पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. दर पाच वर्षांनी रिन्यूवल आलं की घरात विषय निघतोच, ठेवायची की काढून टाकायची, पण यावेळी जरा जास्तच निघाला कारण ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या कारची रिन्यूवल फी 5 हजारांवरून 10 हजार झाली, पर्यावरण कर वेगळा, आणि त्यातच पुण्याच्या एकाने 2 लाख 10 हजार द्यायची तयारी दाखवली. मग म्हटलं भावनेत वाहून जाण्यापेक्षा गाडी दोन महिने नीट चालवू, पावत्या काढू, मिस्त्रीला विचारू आणि मग ठरवू. वाड्यात नाहीतर मळ्यात अशीच एखादी फियाट झाकून ठेवलेले भरपूर लोक आहेत आपल्याकडे, त्यांच्या कामाला यावं म्हणून लिहितोय.

हो, फियाटच म्हणतो आम्ही. मूळ गाडी इटलीची फियाट 1100डी, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात 1964 पासून बनायला लागली, पद्मिनी हे नाव 1974 ला मिळालं, पण खान्देशात कोणाच्या तोंडी ते बसलं नाही. इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, म्हणजे आजची साधी अल्टोसुद्धा पुढे निघून जाते. चार गियर, तेही स्टिअरिंगच्या दांड्यावर. पुढची सीट सलग, त्यामुळे आम्ही लहान असताना पुढे तिघं आणि मागे मोजायचंच नाही. आण्णा, म्हणजे आमचे वडील, दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे बघायला न्यायचे, घोडा कधी घेतला नाही, पण डिकीत भरीत, कळण्याची भाकरी आणि पाण्याचा डबा भरून दोंडाईच्यावरून आम्ही सात-आठ जण जाऊन यायचो.

चालवायला कशी आहे विचाराल तर साठ-पासष्टला एकदम सुखात चालते. त्याच्या वर गेलं की आवाज वाढतो आणि स्टिअरिंग हलकं वाटायला लागतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणून मुंबई-आग्रा रोडला पुढच्या गाडीपासून लांबच राहावं लागतं, आजच्या गाड्या जिथे थांबतात तिथे ही थांबत नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. पार्किंगला हात भरून येतात. एसी नाही. पण पुढच्या दाराला जी छोटी त्रिकोणी काच आहे ना, ती पूर्ण उलटी फिरवली की चालत्या गाडीत वारा थेट छातीवर येतो, मे महिन्यात तो गरमच असतो तरी घाम सुकतो. ही काच नव्या गाड्यांतून का काढली मला आजवर कळलेलं नाही.

आता उन्हाचंच निघालं तर सांगतो, कारण आपल्या भागात या गाडीची खरी परीक्षा उन्हातच होते. गेल्या मे महिन्यात नवापूरला लग्नाला निघालो, मी, बायको आणि माय. कोंडाईबारीच्या घाटात ट्रकांची रांग लागलेली, दुसऱ्या गियरमध्ये सरकत सरकत चाललो होतो आणि गाडीने दोन-तीन खोकले दिले आणि बंद. सेल्फ मारतोय, इंजिन फिरतंय, पण घेत नाही. ही व्हेपर लॉकची भानगड. पेट्रोलचा पंप इंजिनला चिकटूनच बसवलेला आहे, इंजिन तापलं की पंपातल्या आणि पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच ओढत बसतो, कार्बोरेटरला पेट्रोल पोचतच नाही. इलाज सोपा आहे, पंपावर ओला फडका टाकायचा आणि थांबायचं. माझ्याकडे पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, फडका नव्हता. मायने काही न बोलता पिशवीतून घडी घातलेला जुना टॉवेल काढून दिला. आण्णा नेहमी ठेवायचे म्हणून ती घरूनच घेऊन निघाली होती. टॉवेल भिजवून पंपावर टाकला तर चुर्र आवाज आला आणि वाफ निघाली, पुन्हा भिजवला, पुन्हा टाकला, वीस मिनिटांनी पहिल्या सेल्फला गाडी सुरू. घाट पार करून विसरवाडीला चहा प्यायलो. लग्नाला वेळेत पोचलो.

तर ज्यांना गाडीत बसून फक्त पोचायचंय त्यांच्यासाठी ही गाडी नाही हे मी आधीच सांगून टाकतो.

दुसरी गोष्ट पेट्रोल. आता पंपावर सगळीकडे ई20 मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. ही गाडी बनली तेव्हा असलं काही नव्हतं. इथेनॉल जुनं रबर खातं, आणि पाणी ओढतं, त्यामुळे गाडी उभी राहिली की टाकी आतून गंजते. मी जुना पेट्रोल पाइप काढून दोन बोटांत दाबून बघितला तर बोटं काळी झाली, रबर ओल्या कोळशासारखं सुटत होतं. तोच पाइप तापलेल्या इंजिनशेजारून जात होता! त्याच दिवशी सगळे पाइप ई20 ला चालणारे टाकले, पंपाचा डायफ्राम बदलला, नवा फिल्टर टाकला, मजुरी धरून 1,800 रुपये गेले. तुमची गाडी ठेवायची असो की विकायची असो, हे एक काम आजच करा, आग लागली तर दोन्ही प्रश्न एकदमच मिटतील.

बॉडीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. मुंबई-कोकणातल्या फियाटी खालून सडतात, आपल्याकडे हवा कोरडी. पुण्याचा तो माणूस बघायला आला तेव्हा बरोबर कपड्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन आला होता. पत्र्यावर सगळीकडे लावत गेला, जिथे चिकटलं तिथे पत्रा, जिथे घसरलं तिथे आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. बॉनेट, छप्पर, मडगार्ड सगळीकडे चिकटलं. मागच्या डाव्या दाराच्या खालच्या कडेला घसरून खाली पडलं. त्याने मॅट उचलून फ्लोअर बघितला, डिकीत स्टेपनीच्या खाली हात घालून बघितला, तिथे थोडा गंज निघाला. माणूस चांगला होता, जाणकार होता, उगाच खोड्या काढल्या नाहीत. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली, तेव्हापासून अशी गाडी शोधणारे वाढलेत म्हणाला. तो तिला लाल रंग देणार, एसी बसवणार आणि प्री-वेडिंग शूटला भाड्याने देणार होता. पैसे रोख द्यायला तयार होता. याआधी गावातला एक जण भंगारात 35 हजार म्हणाला होता, म्हणजे फरक केवढा बघा. कोणी पहिला आकडा सांगितला म्हणून लगेच हो म्हणू नका.

पण मी त्या दिवशी हो म्हणालो असतो तरी गाडी देऊ शकलो नसतो, कारण आरसी अजून आण्णांच्याच नावावर! आण्णा काही वर्षांपूर्वी गेले. नियमाने वारसाने तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करायची असते, आम्ही केलीच नाही, दुःखात राहून गेलं आणि मग राहूनच गेलं. नाव बदलल्याशिवाय विकताही येत नाही आणि रिन्यूवलही अडतं. मायचं आणि शिरपूरच्या ताईचं संमतीपत्र, वारसाचे कागद, मृत्यूचा दाखला, सगळं गोळा करून नाव करायला आम्हाला दीड महिना आणि चार चकरा लागल्या. ज्यांच्या घरी असं आहे त्यांनी गाडीचा निर्णय नंतर घ्या, आधी हे करा.

आणखी एक गैरसमज. खूप जण म्हणतात थांब, विंटेज झाली की सोनं होईल. 2021 च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणजे पहिल्या रजिस्ट्रेशनला 50 वर्षं झालेली गाडी, म्हणजे आमची 2036 ला. नवीन विंटेज नोंदणीची फी 20 हजार, मुदत 10 वर्षं, आणि ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. मला ती चालवायची आहे. मग त्या शिक्क्यासाठी दहा वर्षं वाट बघण्यात माझ्यापुरता तरी काही अर्थ नाही.

हिशोब असा आहे. थर्ड पार्टी विमा 1000 ते 1500 सीसीच्या खान्यात येतो, 3,416 रुपये अधिक जीएसटी. ऑइल, पॉइंट, प्लग, ब्रेक, बॅटरी, टायरचा वाटा आणि रिन्यूवलचा वर्षाचा वाटा धरून माझे वर्षाला 22 हजार जातात, पेट्रोल सोडून. ॲव्हरेज 12. आणि 2 लाख 10 हजार एफडीत 7 टक्क्यांनी टाकले असते तर वर्षाला 14,700 आले असते, तेही गमावतोय. म्हणजे ही गाडी ठेवणं मला महिन्याला तीन हजारांना पडतं. हा आकडा मी बायकोला कागदावर लिहून दाखवला. ती म्हणाली चालेल, पण मग उभी ठेवायची नाही.

मायला विचारलं तर ती म्हणे, “इकानी व्हई ते इक भो, माले इचारू नको.” आणि आत निघून गेली.

शेवटी निर्णय मिस्त्रीवर आला. तीन वर्षांपूर्वी धुळ्यातल्याच एका गॅरेजला गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, त्यांनी कार्बोरेटर साफ करताना आतला पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा जेट बदलला आणि सांगितलंही नाही, ॲव्हरेज 12 वरून 8 वर आलं, दोन वर्षं मी इंजिन गेलं इंजिन गेलं म्हणून रडत होतो. ते आमच्या मिस्त्री चाचांनी पकडलं. चाचांचं वय आता सत्तरीकडे, आण्णांच्या वेळेपासून हीच गाडी बघतात. आवाज ऐकून सांगतात टप्पेट वाजतंय का टायमिंग पुढे गेलंय. पॉइंटची, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या स्विचची, गॅप व्हिजिटिंग कार्ड सरकवून सेट करतात, कार्ड किंचित अडकत अडकत निघालं पाहिजे, सहज निघालं तर पुन्हा स्क्रू ढिला. मी त्यांना सरळ विचारलं, चाचा, तुमच्यानंतर कोण बघणार? ते म्हणाले, “तू शिक ना. इंजिन चांगलं शे. गाडी उभी राहिनी का मरी जास.” आणि पाना माझ्या हातात दिला.

दोन महिने दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जातोय. पॉइंट, प्लग, कार्बोरेटर उघडणं, टप्पेट सेट करणं, ब्रेक ॲडजस्ट करणं एवढं आता माझं मला जमतं. म्हणून गाडी ठेवली. पुण्याच्या माणसाला फोन करून नाही सांगितलं, तो म्हणाला विचार बदलला तर आधी मला कळवा, आणि मी तसं कबूल केलंय. ज्या वर्षी महिन्यातून दोनदा पण गाडी बाहेर निघणार नाही त्या वर्षी मी त्याला फोन करणार हे नक्की आहे.

तुमच्या गाडीला चालवणारा हात घरात नसेल, मिस्त्री नसेल आणि ती चार-पाच वर्षं हललेली नसेल तर कागद नीट करा आणि आताच चांगल्या माणसाला देऊन टाका, फ्लोअर गेल्यावर भंगाराचाच भाव येतो. इंजिनचे पार्ट, क्लच प्लेट, ब्रेक शू अजून मिळतात, मी स्वतः मागवलेत. अवघड आहे ते काचेचं रबर, क्रोमच्या पट्ट्या आणि लाइटच्या काचा. आधी टॅक्स्या मोडीत निघायच्या तेव्हा त्यातून सामान यायचं, आता तो साठा संपत चाललाय.

गाडी म्हणून 5 पैकी 3, आपल्या उन्हात अडीच. सुटसुटीतपणा आणि हाताने दुरुस्त होण्यासाठी 5. मागच्या सीटवरून बाहेर बघायला मिळतं त्यासाठी पण 5, मायला एकविरा देवीला नेतो तेव्हा ती पांझरेच्या पुलावर काच खाली करून बसते.

आरसी संपायच्या 60 दिवस आधीपासून रिन्यूवलचा फॉर्म 25 भरता येतो, तो भरलाय. जुलैच्या आत इन्स्पेक्शनला न्यायचीय. हॉर्न झाला, वायपर झाले, फक्त पुढच्या डाव्या इंडिकेटरची काच तडकलेली आहे आणि धुळे, मालेगाव, जळगाव कुठेच मिळाली नाही. कोणाकडे जुन्या फियाटची पडून असेल तर सांगा, दोन असतील तर दोन्ही घेतो.