माल्टा की क्रीट? बेळगावहून निघणाऱ्यांसाठी

मे महिन्यात भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर जरा ऐषआरामात राहून यायचं ठरलंय आणि शेवटी माल्टा आणि ग्रीसमधलं क्रीट ही दोनच नावं उरलीत, अशी कुटुंबं हल्ली बेळगाव-निपाणीकडे बरीच भेटतात. आम्ही दोन्हीकडे राहून आलोय, दोन्हीकडे पंचतारांकित हॉटेलात. शेंगेन व्हिसा दोन्हींना सारखाच, त्यासाठी बेंगळूर नाहीतर मुंबई गाठणंही चुकत नाही आणि पैसेही युरोतच मोजायचे. तेव्हा त्यात वेळ घालवत नाही. ग्रीसच्याच सांतोरिनी बेटाचंही बरेच जण विचारतात. गुडघे कुरकुरणारं कुणी बरोबर असेल तर तिथल्या पायऱ्यांचे फोटो एकदा नीट बघा, एवढंच म्हणतो.

प्रवासात माल्टा पुढे आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई किंवा बेंगळूर, तिथून दुबई, आणि दुबईहून माल्टाला जाणारं विमान वाटेत सायप्रसच्या लार्नाकाला थांबतं. तिथे काही मंडळी उतरतात, तुम्ही जागेवर बसून राहायचं. क्रीटला जाताना बहुतेक वेळा अथेन्सला विमान बदलावं लागतं. पुढचं उड्डाण जेमतेम तासाभराचं, पण ते तिकीट वेगळं काढलं असेल तर बॅगा ताब्यात घ्या, परत रांगेत उभे राहा, आणि वजनाची मर्यादाही वेगळी. भडंग आणि शेंगाचटणीचे डबे नेमके तिथेच जड होतात. (कुंदा मात्र घरीच ठेवा. दुधाचे पदार्थ युरोपीय संघाच्या हद्दीत नेऊ देत नाहीत.)

गाडी स्वतः चालवणार असाल तर तिथेही माल्टा सोपं. ब्रिटिशांचं राज्य 1964 पर्यंत होतं, त्यामुळे गाड्या आपल्यासारख्या डावीकडून, पाट्या इंग्रजीत. क्रीटमध्ये गाडी उजवीकडून. उत्तर किनाऱ्याच्या हमरस्त्यावर तर एक वेगळीच रीत आहे: मागच्याला पुढे जायचं असेल तर तुम्ही निम्मी गाडी कडेच्या पट्ट्यावर घेऊन वाट द्यायची. नाही दिली तर तो मागे चिकटूनच येतो. चोर्ला घाटात हात बसलेल्यांना याचं फारसं काही वाटणार नाही, पण पहिल्या दिवशी जरा दडपण येतंच. आंतरराष्ट्रीय परवाना बेळगावच्या आरटीओतून आधीच काढून ठेवा.

आता माल्टात काय आवडलं ते सांगतो, नाहीतर अन्याय होईल. व्हॅलेटा हे शहरच मुळी बघण्यासारखं आहे. 1565 चा तुर्कांचा वेढा परतवल्यावर नाइट मंडळींनी, म्हणजे तेव्हा बेटावर सत्ता असलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, ते वसवलं, सगळं मधाच्या रंगाच्या दगडात. तिथल्या सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्योचं 1608 चं भलंमोठं चित्र आहे. त्यासमोर आमच्या ग्रूपमधली चित्राबित्रात रस नसलेली माणसंही गप्प उभी राहिली. वरच्या बागेच्या खालच्या तटावरून रोज बारा वाजता तोफ उडते ती बघायला पोरं पुन्हा चला म्हणत होती. शेजारच्या गोझो बेटावर जायची फेरीबोट साधारण पंचवीस मिनिटांची, आणि तिकीट परत येतानाच घ्यायचं, जाताना कुणी विचारत नाही. मुख्य बेट जेमतेम 27 किलोमीटर लांब, त्यामुळे संध्याकाळी हमखास आपल्या हॉटेलात. क्रीट तब्बल 260 किलोमीटर लांब आहे. पूर्वेला एलौंदात राहून पश्चिमेचा एलाफोनिसीचा किनारा एका दिवसात उरकू म्हणणाऱ्यांचा दिवस गाडीतच जातो.

इतकं सगळं माल्टाच्या बाजूने असताना माझं मन क्रीटकडे का झुकलं? कारण तसं क्षुल्लक आहे: लोखंडी शिडी.

माल्टाचा किनारा बहुतेक खडकाचा. सेंट ज्युलियन्स, स्लीमा या भागातल्या बड्या हॉटेलांचा 'समुद्रकिनारा' म्हणजे खडकावर बांधलेला सिमेंटचा ओटा, त्यावर छत्र्या, आरामखुर्च्या, आणि कडेला पाण्यात उतरणारी शिडी. शिडी संपते तिथे पाय टेकत नाहीत. खाली बघितलं तर पाणी निळंशार, तळ दिसतो, पण तो दोन पुरुष खोल. युरोपातली माणसं धडाधड उड्या मारतात. आपल्याकडे पोहायचं ते विहिरीत किंवा क्लबच्या टाकीत, आणि तेही सगळ्यांना कुठे येतं? समुद्रात जायचं म्हणजे गोव्यात जातो तसं साडी-पॅन्ट वर धरून गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, लाट आली की ओरडायचं. आमच्या आईने त्या शिडीच्या दोन पायऱ्या उतरून पाहिल्या, तिसऱ्या पायरीला शेवाळ लागलं, तशी ती वर आली आणि छत्रीखाली जाऊन बसली. खोलीचं भाडं समुद्र दिसतो म्हणून चढं, आणि त्या समुद्राला पाय लावायला मात्र टॅक्सी करून मेलीहाच्या वाळूवर जायचं. वाटेत गाड्यांची रांग, बांधकामांच्या क्रेन. मेलीहाची वाळू छान आहे, पाणीही लांबवर उथळ. पण तिथे पोहोचेपर्यंत आईचा उत्साह गेला होता. रोज तेच.

क्रीटमध्ये आम्ही उत्तर किनाऱ्यावरच्या रेथिम्नोला उतरलो. तिथे हॉटेलच्या बागेतून चप्पल काढून थेट वाळूत. आईने सकाळचा चहा झाला की पाण्याच्या कडेने फिरायचं आणि सासूबाईंनी हळूच तिच्यामागून, असा रोजचा नेमच झाला. एलाफोनिसीला तर कंबरेएवढ्या पाण्यासाठी बरंच आत चालावं लागतं. मेमध्ये पाणी गार असतं, दोन्हीकडे, हे लक्षात ठेवा. पोरांसाठी तलाव गरम केलेला आहे का ते विचारून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा वारा सुटला की रेथिम्नोकडे लाल बावटा लागतो, मग पाण्यात उतरू देत नाहीत. मुलांच्या शाळेचं बंधन नसेल तर सप्टेंबर मला वाटतं उत्तम.

खाण्यापिण्यातही क्रीट सरस, निदान शाकाहारी माणसाला. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपासाचे दिवस वर्षात पुष्कळ, त्यामुळे मांसाशिवायचं जेवण त्यांच्या घरोघरी शिजतं. भात भरलेले टोमॅटो आणि ढबू मिरच्या, उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू आणि ऑलिव्ह तेल, हानिया शहराकडचा बटाटा-दुधीसारख्या भाजीचा बुरेकी. (भरल्या टोमॅटोत खिमा नाही ना, एवढं विचारा.) डाकोस म्हणून एक प्रकार मिळतो: जवाचा टणक पाव जरासा भिजवून त्यावर किसलेला टोमॅटो आणि चीज. आपली कडक भाकरी आमटीत भिजवतो तसाच तो लागला, आणि आईने रोज तोच मागवला. बरोबरच्या जैन मित्राला वेगळीच काळजी होती, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची. पण मे अखेरीस तिथे सूर्य आठ वाजून गेल्यावर मावळतो, त्याचं सगळं निवांत झालं. माल्टात भारतीय हॉटेलं भरपूर, आपली बरीच माणसं तिथे नोकरीला आहेत, त्यामुळे उपाशी कुणी राहणार नाही. पण तिथल्या स्वयंपाकात मान सशाच्या मटणाला.

घरात सगळे पट्टीचे पोहणारे असतील, किंवा किल्ले-चर्च-चित्रं हाच मुख्य ओढा असेल, तर माल्टाच घ्या, वाद नाही. तिथेही राहायला मेलीहा बघा. क्रीट ठरवलंत तर एलौंदाच्या खाजगी तलाववाल्या व्हिला बघून हुरळून जाण्याआधी हॉटेलला एक मेल टाकून विचारा: पाण्यापर्यंत वाळू आहे का, आणि पाय किती लांबपर्यंत टेकतात. कारण तिथेही काही ठिकाणी ओटा आणि शिडीच आहे. फोटोत हे कळत नाही. शिवाय ग्रीसमध्ये मुक्कामाचा कर वेगळा, हॉटेलात पोहोचल्यावर भरायचा. 2025 पासून पंचतारांकितला एप्रिल ते ऑक्टोबरात खोलीमागे रात्रीला 15 युरो. दोन खोल्या असतील तर तो आकडा आधीच हिशेबात धरा.